त्या गंजाला कोणी शिवत नाही

फोन वाजला तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. सहायक फौजदार चेतना शहारेच्या टेबलासमोर एक म्हातारी केव्हाची बसून होती, आणि गंमत अशी, की फोन नेमका तिच्याच लेकीबद्दल होता.

"चोरी झालीय," पलीकडून राइस मिलवाले इंद्रकुमारजी बोलत होते. "आमची कामवाली, दुर्गेश्वरी. माझ्या आईचा पाच तोळ्यांचा गोफ घेऊन पळाली. शुक्रवारी संध्याकाळी."

"शुक्रवारी? आणि आज सोमवारी सांगताय?"

"आम्ही नवराबायको लग्नाला बालाघाटला होतो हो. काल रात्री आलो. तुम्ही लवकर या."

चेतनाने फोन ठेवला. समोरच्या म्हातारीचं नाव सुशिलाबाई. डोंगरगडच्या पलीकडच्या खेड्यातून पहिल्या लोकलने आलेली. तिची लेक दुर्गेश्वरी काल, रविवारी, चारच्या गाडीने घरी निघणार होती. आज तिच्या भावाची हळद. चौदा महिन्यांनी पोरगी घरी येणार, म्हणून ही बाई शेवटची गाडी जाईपर्यंत स्टेशनावर उभी राहिली. पोरगी काही उतरली नाही.

"तिच्याशी शेवटचं बोलणं कधी झालं?" चेतनाने विचारलं.

"बिरस्पतवारी, गुरुवारी. तिचा फोन मालकिनीजवळ राहते. बिरस्पतवारीच भेटते, पाच मिनिट."

"आजी, ते लोक म्हणताहेत ती सोनं घेऊन पळाली."

"मोर बेटी चोर नोहे, साहेब." म्हातारीचा आवाज चढला, आणि लगेच बसला. "चोर म्हना, नाहीतर काहीबी म्हना. जित्ती हाय का, तेवढं सांगा."

आता पोलीस ठाण्याची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मोठ्या साहेबांनी खुर्चीतूनच निकाल लावला: घरोघरी कामवाल्या लावून देणाऱ्या त्या टिकारामला उचला, गोफ दोन तासांत बाहेर येतो. इंद्रकुमारजी म्हणजे शहरातली बडी असामी. टिकाराम म्हणजे ज्याने त्याने यावं आणि टपली मारून जावं असा माणूस. कुणावर संशय घ्यायचा हे ठरवायला अक्कल कशाला लागते?

"टिकारामला आणू की," चेतना म्हणाली. "आधी घर बघून येते."

सोबत हवालदार यादोराव निघाले. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती, पोट मात्र केव्हाच पुढे गेलं होतं.

बंगला तीन मजली. दिवाणखान्यात चौघं जण. इंद्रकुमारजी, त्यांची बायको अल्का, आई निर्मलाबाई, आणि निर्मलाबाईंच्या बहिणीचा मुलगा भूपेंद्र. मिलची देखभाल हाच करायचा. निर्मलाबाईंचे डोळे रडून सुजले होते.

"पोटच्या पोरीसारखी ठेवली होती जी," त्या म्हणाल्या. "आन् असा गळा कापला!"

"शुक्रवारी काय झालं, नीट सांगा."

"हे दोघं चार वाजता बालाघाटले गेले. पाचच्या सुमारास तो टिकाराम आला फाटकावर. दोघांची कुजबुज चालली होती. शेजारच्यांनीबी पाहिलं, विचारा पाहिजे तर. सहा वाजता मी चहाले हाक मारली, तर पोरगी गायब. कपाट उघडं. गोफ नाही."

"मुलाला कधी कळवलं?"

"काल संध्याकाळी. लग्नघरी गेलेल्या लेकराच्या जिवाले घोर कायले लावा?"

"म्हणजे शुक्रवारपासून कालपर्यंत तुम्ही घरात एकट्या?"

"एकटीच. आपल्याच हातानं चहा केला, आपल्याच हातानं भात टाकला."

"आई अशीच आहे," इंद्रकुमारजी म्हणाले. "स्वतः सोसेल, पण दुसऱ्याला सांगणार नाही."

अल्काने चहा आणला, बरोबर चिवडा. भूपेंद्रपुढे बशी सरकवली तर त्याने हात जोडले. "मले नको, वहिनी. सोमवार आहे माहा. दिवे लागेपर्यंत पाण्यावरच राहतो."

"मग चल नीघ आता, ऊन वाढून राहिलं," निर्मलाबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या, एक डबा आणून त्यांनी भूपेंद्रच्या हातात दिला. गरम वरण-भाताचा वास दिवाणखाना ओलांडून गेला. भूपेंद्रने मोटारसायकलला किक मारली आणि तो फाटकाबाहेर पडला.

"कुठे गेले ते?" चेतनाने सहज विचारलं.

"मिलवर, गोरेगाव रोडला," इंद्रकुमारजी म्हणाले. "बॉयलरची दुरुस्ती निघालीय, पंधरा दिवस मिल बंद आहे. मजूर घरी, चौकीदारही गावाला गेलाय. भूपेंद्रच तेवढा नजर टाकून येतो."

"कामवालीची खोली बघू?"

खोली बंगल्यामागच्या परसात, वाडीत होती. टिनाचं छप्पर, एक झरोका. दाराला कडी होती, पण बाहेरून. आतून साधा खिळाही नव्हता.

"कडी बाहेरून कशी?"

"वाऱ्यानं दार आपटते जी," निर्मलाबाई म्हणाल्या.

मे महिन्यातला गोंदिया. पान हलत नव्हतं. यादोराव रुमालाने मान पुसत नुसते खाकरले.

खोलीत फिनाइलचा भपकारा. अंथरूण नाही, कपडे नाहीत, दोरीवर एक चिंधीही नाही. चाटूनपुसून लख्ख.

"हे कोणी साफ केलं?"

"मीच. चोराची वस्तू घरात कायले ठेवा? सगळं गोळा केलं आन् आज सकाळीच कचऱ्याच्या गाडीत देल्लं."

चेतनाच्या कपाळावर आठी उठली. चोरी झाली तर लोक पोलीस येईपर्यंत काही हलवत नाहीत, आणि ही बाई या वयात खोली धुऊन मोकळी होते! कुठंतरी पाणी मुरत होतं.

ती बाहेर आली. नळापाशी, निंबाच्या सावलीत, ओल्या वाळूत एक जर्मनचा गंज, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं खोलगट पातेलं, रोवून ठेवला होता. वर थाळी, थाळीवर दगड.

"हा कोणाचा?"

"तिचाच. तिचं खाणंपिणं त्यात." निर्मलाबाईंनी नाक मुरडलं. "शिळा भात पाण्यात टाकून खाते ते लोक. वास येते नुसता. नवी बाई लागली कामाले, का तिच्या हातानं फेकू."

"घरातलं कोणी वापरत असेल ना, पाणी तापवायला वगैरे?"

"छे! त्या गंजाला आमच्या घरी कोणी शिवत नाही. तिचा गंज येगळा, थाळी येगळी. पहिल्या दिवसापासून."

"कोणीच नाही? ह्या तीन दिवसांतसुद्धा?"

"देवाची शप्पथ घेऊन सांगतो. बोट लावलं नाही कोणी."

हे त्या इतक्या तोऱ्यात म्हणाल्या, की जणू मानपत्रच मिळालंय. चेतनाची आई याच शहरात बावीस वर्षं लोकांची भांडी घासत होती. तिच्यासाठीही कान तुटलेला एक कप कोनाड्यात वेगळा असायचा. चेतनाला तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. आता मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. तिने राग गिळला. राग आला की डोळे नीट बघत नाहीत.

ती उकिडवी बसली, दगड उचलला, थाळी काढली. गंजात पाण्यात बुडालेला भात होता, कडेला मिठाचा खडा आणि सोललेला कांदा. तिने बोट बुडवलं आणि सरळ जिभेवर ठेवलं.

"अवं मॅडम!" यादोराव ओरडले. "कायले तोंड घालून राहिल्या त्याच्यात!"

"लहानपणी हेच खाऊन शाळेत गेले, यादोराव." चेतनाने थाळी परत झाकली. "फोटो घ्या. पंचांना बोलवा, गंज सील करा."

निर्मलाबाई हसल्या. "सोनं सोडून भात जप्त करून राहिल्या का जी?"

तेवढ्यात ठाण्यातून फोन आला. टिकाराम सापडला होता, तोही बसस्टँडवर, भरलेली पिशवी घेऊन!

"बघा!" इंद्रकुमारजींनी मांडीवर थाप मारली. "मी काय म्हणत होतो?"

"त्याला फोन द्या," चेतना म्हणाली. "टिकाराम, कुठे निघाला होतास?"

"हळदीले, मॅडम! दुर्गेश्वरीच्याच भावाच्या. माहा गाव तोच हाय ना." पलीकडे तो रडकुंडीला आला होता.

"शुक्रवारी बंगल्यावर कशाला गेलास?"

"तिच्या मायनं निरोप देल्ला होता, रविवारी येजो म्हणून. फाटकावरूनच सांगितलं. आत घेते का ते लोक आमाले? पिशवीत नवरदेवाचे कपडे हाय, पाहून घ्या."

खरं बोलत होता की बेरकीपणा करत होता? बेरकी तर तो होताच. पोरींना कामाला लावून द्यायचा आणि मग मागे वळून बघायचा नाही. पण लबाड माणूस दरवेळी गुन्हेगारच असतो असं थोडंच आहे?

चेतनाने अल्काला स्वयंपाकघरात गाठलं.

"दुर्गेश्वरीने सुट्टी मागितली होती?"

अल्काने दाराकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला. "मागितली होती. मी म्हटलं, रविवारी चारच्या गाडीने जा. आई ऐकायलाच तयार नव्हत्या. आपल्याच नात्यात लग्न, घर मोकळं, आणि कामवालीला सुट्टी कशी, म्हणाल्या. तिचा फोन, आधारकार्ड, सगळं त्यांच्याच कपाटात असतं."

"हे जबाबात द्याल?"

"मॅडम, मला याच घरात राहायचंय," अल्का म्हणाली आणि तिने गॅस विनाकारण चालू केला.

चेतना वाडीत आली, यादोरावांना बाजूला घेतलं, कानात चार वाक्यं सांगितली. यादोरावांचे डोळे मोठे झाले. दोन शिपाई घेऊन ते जीपने निघून गेले, आणि पोटाच्या मानाने फारच चपळाईने गेले.

पाऊण तास चेतना दिवाणखान्यात बसून राहिली. पंच आले, गंजाला लाखेचं सील लागलं. निर्मलाबाई जपमाळ ओढत होत्या. शेवटी इंद्रकुमारजी चिडले.

"अहो मॅडम, तपास करताय की पाहुणचार घेताय?"

"तपास झालाय," चेतना म्हणाली. "बसा. सांगते."

अल्का दारात येऊन उभी राहिली.

"दुर्गेश्वरी शुक्रवारी पळालीच नाही. काल, रविवारी दुपारी, ती या घरात होती. तो गंजातला भात कालच्या दुपारचा आहे, गाडीला निघण्याआधी खायला टाकलेला."

"भातावर तारीख लिहिली होती का जी?" निर्मलाबाई म्हणाल्या.

"लिहिलेलीच असते, वाचता यायला पाहिजे. एका दिवसाची बासी, म्हणजे पाण्यातला शिळा भात, ताकासारखी आंबट लागते. तशीच ती होती. कांदासुद्धा ताजा. या उन्हात शुक्रवारचा भात असता तर आज फेस आला असता, किडे पडले असते, झाकण उघडवलं नसतं. वाटल्यास तपासणीला पाठवू. तुम्हाला फरक कळला नाही, कारण तुमच्या लेखी त्या गंजाला रोजच वास येतो."

"मग मीच टाकला असेल भात!"

"तुम्ही? मघाशी देवाची शपथ कोणी घेतली? तीन दिवसांत त्याला कोणी बोट लावलं नाही, हे तुम्हीच दोनदा सांगितलंत. मग तो भात टाकणारी एकच." चेतना थांबली. "खोली धुतलीत, अंथरूण फेकलंत, कपडे फेकलेत. एक गंज तेवढा राहिला. विसरलात म्हणून राहिला नाही. त्याला शिवायचं नव्हतं म्हणून राहिला."

इंद्रकुमारजी आईकडे बघत होते. जपमाळ थांबली होती.

"पण शुक्रवारच का सांगितला?" चेतना पुढे म्हणाली. "एक, शुक्रवारी टिकाराम फाटकावर आला होता, चार लोकांनी पाहिला होता. आळ घ्यायला आयता माणूस. दोन, दुर्गेश्वरीला काहीतरी इजा झालीय, म्हणून तर खोली फिनाइलने धुतलीत. उद्या ती कुठे सापडली, तर म्हणता आलं असतं, तीन दिवसांपासून बाहेर होती, आम्हाला काय माहीत!"

"इजा?" अल्काच्या तोंडून निघालं. "कसली इजा?"

"ते आईंना विचारा. आणि तो डबाही कोणासाठी होता, तेही विचारा. भूपेंद्रजींचा सोमवार. चिवड्याला हात लावला नाही त्यांनी. मिल बंद, मजूर नाहीत, चौकीदार नाही. मग गरम वरण-भात खाणार कोण? उंदीर?"

चेतनाचा फोन वाजला. तिने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"सापडली, मॅडम!" यादोराव धापा टाकत होते. "कोंड्याच्या गोदामामागच्या खोलीत. बाहेरून कुलूप. पाय मोडला हाय जी, डोकंबी फुटलं हाय. तापानं फणफणून राहिली. पण जित्ती हाय! ॲम्ब्युलन्स बोलावली. भूपेंद्र आमच्या जीपमध्ये बसला हाय गुमान. म्हणते, मावशीनं सांगितलं तसं केलं. आज गाडीत घालून सीमेपलीकडे सोडणार होतो, म्हणते."

चेतनाने डोळे मिटले. ठाण्यातल्या बाकावरची म्हातारी तिला दिसली. "ठाण्यात कळवा, त्या आजींना आधी दवाखान्यात पोचवा," ती यादोरावांना म्हणाली.

"आई?" इंद्रकुमारजी म्हणाले. "आई, तू काही बोल ना."

निर्मलाबाई बोलल्या, आणि मुखवटा एका दमात गळला.

"का बोलू? नाही म्हटलं होतं मी तिले! तरी थैला घेऊन वर आली, जिन्यापाशी, माह्या दारात. वरून मलेच म्हणते, फोन द्या, कार्ड द्या, माहं हाय. माहं! ज्या घरचं खाल्लं त्याच घरात जबान चालवते! मी थैला ओढला, ती जिन्यावरून पडली. मी का मुद्दाम पाडलं?"

"पडली तेव्हा दवाखाना दहा मिनिटांवर होता," चेतना म्हणाली. "तुम्ही भूपेंद्रला बोलावलं. आज तिला गाडीत घालून सीमेपलीकडे सोडायचं ठरलं होतं, हो ना? चोर म्हणून पडेल, चोर म्हणून मरेल. आणि गोफ?"

अल्का आत गेली. कपाटाचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गोफ होता, एक जुना मोबाईल होता आणि दुर्गेश्वरीचं आधारकार्ड होतं. तिन्ही वस्तू तिने टेबलावर ठेवल्या.

"पोटच्या पोरीसारखी ठेवली होती," निर्मलाबाई पुन्हा म्हणाल्या. आता त्या खरंच रडत होत्या. त्यांना ते अजूनही खरंच वाटत होतं.

"पोटच्या पोरीला बाहेरून कडी लावत नाहीत, आई," चेतना म्हणाली. "चला."

संध्याकाळी सरकारी दवाखान्यात दुर्गेश्वरीच्या पायाला प्लास्टर लागलं होतं. उशाशी सुशिलाबाई बसली होती. तिने लेकीचा हात जो धरला होता, तो नर्स आली तरी सोडला नव्हता.

इंद्रकुमारजी फळांची पिशवी घेऊन आले. मागे अल्का. सेठ खाली बघून बोलत होते, आणि बोलणं घोकून आल्यासारखं होतं. औषधपाणी सगळं आमच्याकडे. भावाच्या लग्नात काही कमी पडू देणार नाही. आई म्हातारी आहे, ती जेलची पायरी चढली तर जगायची नाही. तेव्हा एवढं मिटवून घ्यावं.

"आन् मिटवलं नाही तर?" दुर्गेश्वरीने विचारलं.

"मग वकील बोलतील," इंद्रकुमारजी म्हणाले. "न विचारता निघाली होती, थैल्यात काय होतं कोणास ठाऊक, असं म्हणतील. मी नाही, ते म्हणतील."

खाटेपाशी जबाब लिहून घ्यायला बसलेली चेतना उठणार होती. दुर्गेश्वरीने हातानेच तिला थांबवलं. ती सेठकडे बघतही नव्हती. ती अल्काकडे बघत होती.

"दीदी, चौदा महिने म्या एकबी नागा केला नाही. मले पैसा नाही पाहिजे. तुमी मले जा म्हणलं होतं का नाही, तेवढं सांगा. माहा भाऊ, माही माय, सारा गाव विचारंल, चोरी करून निघाली होती का म्हणून."

"अल्का, चल," इंद्रकुमारजी म्हणाले.

अल्का हलली नाही. वॉर्डातला पंखा खडखडत होता. पलीकडच्या खाटेवरच्या बायकाही मान वळवून बघत होत्या.

"अल्का!"

तिने नवऱ्याच्या हातातली पिशवी घेतली, खाटेखाली ठेवली, आणि स्टूल ओढून चेतनासमोर बसली.

"लिहून घ्या, मॅडम," ती म्हणाली. "रविवारी घरी जा, असं मीच तिला सांगितलं होतं. आणि तिच्या थैल्यात काय होतं तेही मला माहीत आहे. भावासाठी घेतलेलं धोतर होतं. मीच तिच्याबरोबर जाऊन आणलं होतं."